टपालाचा थैला हलका झाला. ओझे कोणाच्या माथी?

(जयपूर येथे टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जयपूरच्या मिर्झा इस्माईल मार्गावरून जाणाऱ्या कोणाही नागरिकाला मुख्य टपाल कचेरीकडे बोट दाखवून विचारले, की या खात्याचे भवितव्य काय, तर तो बहुधा एवढेच म्हणेल : आता पत्रे लिहितो कोण? हे उत्तर सरकारच्या सोयीचे आहे आणि खाजगी कुरियर कंपन्यांच्याही सोयीचे आहे. पत्रे संपली म्हणून टपाल संपले, आणि टपाल संपले म्हणून टपाल कामगार अतिरिक्त ठरला, अशी ही तर्काची साखळी आहे. तिची पहिली कडी अर्धसत्य आहे, दुसरी सर्वस्वी खोटी आहे. टपाल कामगारांचे याविषयीचे म्हणणे समजून घेणे हे प्रत्येक पक्षसभासदाचे काम आहे. प्रश्न एका खात्यातील नोकऱ्यांपुरता नाही. सार्वजनिक सेवा कोणासाठी चालवायची, हा तो प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

पत्रे घटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशातील टपालाची वार्षिक संख्या दीड हजार कोटींच्या घरात होती. पुढच्या दहाबारा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ज्या मनिऑर्डरीची वाट राजस्थानातील ढाणीढाणीत म्हाताऱ्या आया पाहत असत, तिची जागा बँकखात्याने आणि भ्रमणध्वनीने घेतली. बँकांची विवरणपत्रे आणि टेलिफोनची बिले कागदावरून पडद्यावर गेली. उत्पादक शक्तींच्या विकासाला विरोध करणे हे कामगार वर्गाचे धोरण कधीच नव्हते, आजही नाही.

पण टपाल कामगार पुढे जे सांगतात, ते वर्तमानपत्रांत छापून येत नाही. ते म्हणतात, थैल्यातील पत्रे कमी झाली, पण पार्सले वाढली. सांगानेरी छपाईचे कापड, जयपुरी रजया, रत्नांचे दागिने यांची मागणी आता घरबसल्या नोंदवली जाते आणि माल दारात पोचवावा लागतो. सायकलवरून शंभर पोस्टकार्डे वाटणे आणि वीस पार्सले वाटून प्रत्येकाची सही, छायाचित्र व रोकड सांभाळणे, ही दोन कामे सारखी नव्हेत. त्यातच खाती उघडण्याची आणि विमा विकण्याची उद्दिष्टे डोक्यावर बसली आहेत. सेवानिवृत्ताची जागा रिकामी राहते आणि एकाच पोस्टमनाला दोन बिटांचा बटवडा करावा लागतो. वस्तूंची संख्या घटली म्हणून श्रम घटले, हा हिशेब कचेरीत बसून मांडलेला आहे. रस्त्यावर तो जुळत नाही.

स्पर्धा कोणाशी?

स्पर्धा म्हटली की दोघांनी एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करावी, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे. टपालाच्या क्षेत्रात ही रेषा कधीच एक नव्हती. १८५४ साली अंतर कितीही असले तरी पत्राला एकच हशील, हे तत्त्व देशात लागू झाले. त्याचा अर्थ असा, की शहरातील दाट वस्तीत होणारी बचत दूरच्या खेड्यातील तोटा भरून काढते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कचेऱ्या होत्या. आज त्या सुमारे १ लाख ६५ हजार आहेत आणि दहातल्या नऊ ग्रामीण भागात आहेत. हे जाळे नफ्याच्या शोधात निघालेल्या कोणा भांडवलदाराने विणलेले नाही. ते जनतेच्या पैशाने आणि टपाल कामगारांच्या पायपिटीने विणले गेले.

खाजगी कंपनी काय करते? ती जोहरी बाजारातील मलई उचलते आणि जैसलमेरच्या वाळवंटातील ढाणी टपाल खात्यावर सोडते. जिथे तिची गाडी जात नाही, तिथले पार्सल पुन्हा टपालाच्याच हवाली केले जाते. तिच्या पाकिटावर छापलेला सहा आकडी पिन कोडही टपाल खात्याचा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. सार्वजनिक बुद्धीचे हे फळ खाजगी धंदा फुकट वापरतो. आणि वर्षाच्या शेवटी टपाल खात्याचा तोटा जाहीर झाला, की अकार्यक्षमतेचा ठपका कामगारांवर येतो. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक, हेच या तथाकथित स्पर्धेचे सूत्र आहे.

कायदा कोणासाठी बदलला?

१८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. कुरियर कंपन्यांनी पत्रांना ‘दस्तऐवज’ हे नाव देऊन कित्येक दशके या कलमाला वळसा घातला आणि सरकारांनी डोळेझाक केली. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कायदा संमत केला व १८ जून २०२४ पासून तो अमलात आला. त्यात हा अनन्य अधिकार राहिलेला नाही. मात्र टपाल अडवून उघडून पाहण्याचा सरकारचा अधिकार शाबूत आहे. याच अधिकाराची व्याप्ती वाढवणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नव्हती, हे येथे स्मरावे. मक्तेदारी गेली, पाळत राहिली. जनतेच्या वाट्याला काय आले?

त्यामागून २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले. त्या वेळी वृत्तपत्रांनी दिलेल्या दरांनुसार रजिस्टरला किमान सुमारे २६ रुपये लागत, स्पीड पोस्टाला ४१ रुपये. न्यायालयाचे कागद पाठवणारा कुळकास्तकार आणि अर्ज पाठवणारा बेकार तरुण हेच स्वस्त रजिस्टरचे गिऱ्हाईक होते. आधुनिकीकरणाचे बिल अखेर त्यांच्याच हाती पडले.

खेड्यातील डाकसेवक

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, ते अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाकसेवक खात्याचे नियमित नोकर मानले जात नाहीत. ते नागरी पद धारण करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले. तरीही कागदावर चारपाच तासांचे काम, प्रत्यक्षात दिवसभराची बांधिलकी, आणि नियमित कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही, ही स्थिती चालू राहिली. मे-जून २०१८ मध्ये सोळा दिवस संप करावा लागला, तेव्हा कुठे कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर निर्णय झाला. त्यानंतरही शाखा डाकपालाचे मूळ मानधन चार तासांच्या कामासाठी बारा हजार रुपये ठरले. खाजगी कंपन्यांच्या स्वस्त मजुरीचा दाखला देणाऱ्या सरकारने स्वस्त मजुरीचा नमुना आपल्याच घरात आधी उभा केलेला होता!

मोटारसायकलवरचा तरुण शत्रू नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. जयपूरच्या रस्त्यावर पाठीवर पेटी बांधून धावणारा तरुण आपल्या पोटावर पाय देतो, अशी भावना काही टपाल कामगारांत आढळते. ही भावना स्वाभाविक असली तरी चुकीची आहे. त्या तरुणाला ना पगार, ना रजा, ना अपघाताची खात्रीची भरपाई. त्याला ‘भागीदार’ म्हणतात, पण नफ्यात त्याचा भाग नसतो. स्पर्धा पोस्टमन आणि तो तरुण यांच्यात नाही. दोघांचेही वेतन खाली खेचणारे भांडवल आणि दोघांचेही श्रम यांच्यातली ती आहे.

राजस्थानच्या विधानसभेनेच जुलै २०२३ मध्ये अशा कामगारांची नोंदणी व कल्याण यांसाठी देशातील पहिला कायदा संमत केला. प्रत्येक व्यवहारावर कल्याणनिधीसाठी शुल्क आकारण्याचे तत्त्व त्यात आहे. कायदा छापला म्हणून अमलात येत नाही. त्यामागे संघटना उभी राहावी लागते. ती उभी करण्यात टपाल कामगारांच्या अनुभवी संघटनांनी हात दिला, तर स्वस्त मजुरीचे शस्त्र मालकांच्या हातून गळून पडेल.

दोन देशांचे धडे

डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेली सरकारी टपालाची पत्रवाटणी ३० डिसेंबर २०२५ रोजी संपली. तेथे पत्रे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती, हे खरे. पण त्याआधी २०२४ च्या नव्या कायद्याने बाजार पूर्ण मोकळा केला आणि पत्रांवर कर बसवला, हेही तितकेच खरे. उलट अर्जेंटिनाने १९९७ मध्ये टपाल खाजगी हाती दिले आणि २००३ मध्ये ते परत राष्ट्राच्या ताब्यात घेतले. म्हणजे टपालाचे भवितव्य यंत्रे ठरवत नाहीत. वर्गांच्या बलाबलावर ते ठरते.

पुढील काम

टपाल कामगारांची परंपरा लढ्याची आहे. ११ जुलै १९४६ रोजी सुरू झालेल्या त्यांच्या संपाच्या पाठीशी २९ जुलैला सारे कलकत्ता बंद राहिले. १९६० आणि १९६८ च्या संपांत त्यांनी अटका व निलंबने सोसली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघाची मान्यता काढून घेण्यात आली, तेव्हाच्या आरोपांत शेतकरी आंदोलनाला दिलेल्या वर्गणीचा समावेश होता. जी वर्गणी कामगाराच्या माथी अपराध म्हणून मारण्यात आली, तिच्यातच या लढ्याची दिशा आहे. १९४६ मध्ये जनता कामगारांच्या बाजूने उभी राहिली. आज जनतेची सेवा वाचवण्यासाठी कामगाराने जनतेपाशी गेले पाहिजे.

म्हणून मागण्याही केवळ वेतनाच्या असून चालणार नाहीत. ग्रामीण सेवेचा खर्च तोटा न समजता अर्थसंकल्पातून द्यावा. शहरी मलई खाणाऱ्या कंपन्यांवर ग्रामीण टपालासाठी अधिभार बसवावा. रिक्त जागा भराव्यात. डाकसेवकांना नियमित करावे. पार्सलांसाठी वाहने आणि जागा द्यावी. आणि बटवडा करणाऱ्या प्रत्येक हाताला, तो सरकारी असो वा खाजगी, जगण्यापुरते किमान वेतन मिळावे. त्याचबरोबर उशिरा पोचलेल्या टपालाची तक्रार घेऊन येणाऱ्या नागरिकाला खिडकीवरून हुसकावून न लावता, रिकाम्या जागांचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. तो तक्रारदार उद्याचा साथी आहे.

थैल्यात पत्रे किती, यावरून पोस्टमनाची गरज मोजली जात असेल, तर शेवटच्या ढाणीतील एकाच पत्राची वाट पाहणाऱ्या बाईचे मोल शून्य ठरते. नफ्याचा हिशेब तिला शून्य मानतो. कामगार वर्गाचा हिशेब तिच्यापासून सुरू होतो.