यंत्र नको, शिकवणारा माणूस द्या

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाचे पदाधिकारी, देणगीदार आणि सुट्टीची दुपारची झोप मोडून इथे आलेल्या सर्व सभासदांनो, मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर गाण्याचा कार्यक्रम आहे, त्यामुळे तुमचं लक्ष घड्याळाकडे असणार हे मी गृहीत धरलं आहे.

यंदाचा निधी गावाकडच्या छोट्या शेतकऱ्यांना आणि घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या महिलांना व्यवसायाचं प्रशिक्षण देण्यासाठी आहे. मला दोन-तीन जणांनी विचारलं, "अहो, आपल्या बायकांना पापड-लोणची करायला शिकवायचं? आपणच त्यांच्याकडून शिकावं!" अगदी खरं आहे. म्हणूनच मी आज स्वतःची एक फजिती सांगणार आहे.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी इथून पैसे जमवून तिथल्या एका बचत गटाला पीठ दळायचं मोठं यंत्र घेऊन दिलं. नारळ फोडला, फोटो काढले, यंत्रावर आमच्या चौघांच्या नावाची पाटीही लावली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गेलो, तर यंत्रावर गोणपाट आणि गोणपाटावर कोंबडी अंड्यांवर बसलेली! यंत्राला थ्री-फेज वीज लागत होती आणि त्या वाडीत ती नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

मला राग आला, पण माझ्या मावशीने डोळे उघडले. ती त्याच गटात होती. यंत्र बंद, तरी त्या बाहेरून दळून कुळथाचं पीठ विकत होत्या. मी म्हटलं, "मावशी, फायदा होतो का गं?" ती म्हणाली, "होतो की!" मग आम्ही ओटीवर बसून हिशोब मांडला. 10 किलो कुळीथ 80 रुपयांनी, म्हणजे 800 रुपये. भाजायची लाकडं, दळण, पिशव्या आणि बाजारापर्यंतचं एसटीचं भाडं मिळून 350. एकूण 1150. पीठ निघालं 8 किलो, विकलं 150 रुपयांनी, आले 1200. उरले 50 रुपये. दोघी जणी दोन दिवस राबल्या होत्या. मावशी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या हाताची किंमत आम्ही धरलीच नाही."

मंडळी, प्रशिक्षण म्हणतात ते हेच. पीठ कसं करायचं हे तिला सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या मजुरीचा आकडा वहीत लिहायचा, एवढंच कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं.

आपल्याकडे ज्या उद्योगांची नावं अभिमानाने घेतली जातात, त्यांच्या मुळाशीही हेच दिसेल. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात महिलांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, भांडवल 80 रुपये आणि तेही उसने. तोच पुढे लिज्जत पापड झाला, इथल्या दुकानांतही दिसतो. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पापड तर तेव्हा घरोघरी लाटले जात. वेगळी होती ती शिस्त. पीठ एका जागी मळायचं, बहिणींनी घरी लाटायचं, परत आलेला माल तपासून घ्यायचा आणि हिशोब चोख ठेवायचा.

दुसरं उदाहरण साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं. चेतना गाला सिन्हा यांनी म्हसवडला महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद महिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या महिला अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा अर्ज केला. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. पण नुसतं कर्ज देऊन भागत नाही हे लक्षात आल्यावर 2006 साली त्यांनी ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा काढली, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी तीच शाळा बसमध्ये घालून गावोगाव नेली. कर्जाच्या बरोबरीने शिक्षण, हा धडा आपण तिथून घ्यायचा.

आणि चांगला माल असूनही माहिती नसली की काय होतं? 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश जास्त सापडले, आणि युरोपच्या बाजारात माल अडकला. द्राक्ष चवीला उत्तम होतं, पण बागायतदाराला मोठा फटका बसला. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. आज मोहाडीला जाऊन पाहा, बागेतल्या फवारणीची नोंद हा तिथे धंद्याचाच भाग आहे.

आता आपल्या दुबईकडे येतो. मी बावीस वर्षं खाद्यपदार्थांच्या आयातीत काम करतो. मागे एका छोट्या उत्पादकाचं कोकम सरबत आम्ही मागवलं होतं. चव अशी की माझ्या इराणी साहेबांनी दोन बाटल्या घरी नेल्या! पण लेबलवर अरबी मजकूर नव्हता आणि उत्पादनाची तारीख नंतर चिकटवलेल्या स्टिकरवर होती. माल अडला आणि शेवटी नष्ट करावा लागला. त्या माणसाचा फोन आला तेव्हा मला बोलवेना. चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्हीही त्याला आधी सांगायला हवं होतं.

इथले नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. दुबईत प्रत्येक खाद्यपदार्थाच्या आस्थापनेत अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेली एक जबाबदार व्यक्ती असावी लागते, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की करामातली छोटी खानावळ. स्वयंपाक येतो म्हणून तिथे कोणी सूट देत नाही. भारतातही अन्नसुरक्षा कायद्याचे नियम 2011 पासून लागू झाले, आणि घरी लाडू करून विकणाऱ्या ताईंनाही नोंदणी लागते. ती कशी करायची हे सांगणारं कोणी जवळ असलं, तर काम सोपं आहे. नसलं, तर त्या भीतीनेच ताई धंदा बंद करतात.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. आपली देणगी यंत्रावर खर्च करू नका. यंत्रासाठी इतर मार्ग असतात. केंद्र सरकारने 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. पण बँकेत न्यायचा प्रकल्प अहवाल कोण लिहून देणार? लेबल कोण तपासणार? पहिली ऑर्डर परत आली तर धीर कोण देणार? त्यासाठी माणूस लागतो, आणि त्याचा पगार द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण माणसावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही!

तीन दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्र आणि चहा-बिस्किटं एवढ्यावर थांबलो, तर पुन्हा गोणपाट आणि कोंबडी ठरलेली. शिबिरानंतर निदान वर्षभर महिन्यातून एकदा कोणीतरी त्या गटाची वही उघडून बघायला हवी. आपला निधी त्या वर्षभरासाठी असावा. पैसे कोणत्या मार्गाने जमवायचे आणि पाठवायचे हे इथल्या कायद्याने आखून दिलेलं आहे. 2021 चा देणग्यांविषयीचा संघराज्याचा कायदा त्यासाठीच आहे. तेव्हा उत्साहाच्या भरात व्हॉट्सअॅपवर परस्पर वर्गणी सुरू करू नका. मंडळाने परवानगीने ठरवलेल्या मार्गानेच द्या.

आणि शेवटची विनंती, जिला पैसे लागत नाहीत. गावी गेलात आणि कोणा ताईंकडून पीठ, मसाला, सांडगे घेतलेत, तर दया म्हणून घेऊ नका. तारीख विचारा, वजन बघा, बिल मागा आणि मग पूर्ण किंमत द्या, घासाघीस न करता. चोखंदळ गिऱ्हाईकासारखा शिक्षक नाही.

मावशीच्या गटाने त्यानंतर पिठाचा भाव 150 वरून 200 केला. काही गिऱ्हाइकं तुटली, बरीचशी टिकली. यंत्र आम्ही वीज असलेल्या शेजारच्या गावातल्या गटाला दिलं. पाटी तेवढी काढून घेतली.