पिल्लू सांगतं, बी सांगत नाही
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, गच्चीवरच्या रोपांबद्दल बोला, पण लवकर आटपा." म्हणून एकच गोष्ट सांगतो. बी उगवतं ते मातीच्या उबेवर, खोलीच्या नाही.

हे मी शेतात नाही, पोल्ट्रीत शिकलो. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते. त्यासाठी ब्रूडरमध्ये बल्ब लावतात. थर्मामीटर भिंतीला नाही, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगायचा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की समजायचं, थंडी वाजतेय. कडेला पळाली की उकडतंय.

मग फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापुरात बर्ड फ्लू आला. देशातला तो पहिलाच. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या. ज्या शेडमध्ये मी पिल्लांना ऊब देत होतो, ती रिकामी झाली आणि माझं काम गेलं. घराचे हप्ते चालू होते. सोसायटीचा मेंटेनन्स चार महिने थकला, तेव्हा कमिटीने दारावर नोटीस लावली नाही. "जमेल तसं द्या," एवढंच म्हणाले. ते मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी पौषात आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यांत मिरची पेरली. रोपं विकून चार पैसे मिळतील, हा विचार. दोन आठवडे झाले, एक कोंब नाही. "अहो, बीच खराब दिसतंय," त्या म्हणाल्या. मी पोल्ट्रीतला जुना थर्मामीटर काढला. सकाळी भिंतीपाशी २१ अंश. तोच डब्यातल्या मातीत खोचला, तर १६! डबे गार फरशीवर होते, आणि ओल्या मातीतलं पाणी उडताना ती आणखी गार होते. माठातलं पाणी गार होतं, तसंच. पिल्लाला थंडी वाजली तर ते ओरडतं, बी बिचारं गप्प बसतं.

मिरचीच्या बीला २५ ते ३० अंश लागतात. तेवढी ऊब मिळाली तर साधारण आठ-दहा दिवसांत कोंब येतो; १५ अंशाला तीन-साडेतीन आठवडे लागतात, आणि तोवर बरंच बी कुजतं. टोमॅटो, वांगीही उबेचीच. कोथिंबीर, पालक मात्र उलटे, त्यांना गारवा हवा.

मी काय केलं? चार विटा मांडल्या, मध्ये ४० वॅटचा बल्ब, वर पत्रा आणि पत्र्यावर ट्रे. ट्रेवर प्लास्टिकचा कागद, म्हणजे ओल टिकते. पाणी कोमट घालायचं. पाणी घालताना आधी बटण बंद, प्लग बाहेर. यात हयगय नको. पाणी आणि वीज एकत्र आली की जिवावर बेततं. बल्बजवळ कागद, थर्माकोल, गोणपाट ठेवू नका. थर्मामीटर बी असेल तेवढ्या खोलीवर खोचायचा आणि ३० च्या वर जाऊ लागला की बल्ब बंद. हा खटाटोप नको असेल, तर बी ओल्या फडक्यात बांधून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. थंडीत मुगाला मोड आणायला आपण तेच करतो ना? कोंबाचं टोक दिसलं की लगेच हलक्या हाताने पेरा.

नवव्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये हिरवे वाकडे कोंब दिसले. मी मंडळींना हाक मारली. वर्षभर त्या घरात असं कुणी कुणाला आनंदाने बोलावलं नव्हतं.

पण इथेच लोक चुकतात. कोंब आले की खालची ऊब काढायची आणि ट्रे उजेडात न्यायचा. नाहीतर रोपं लांबट होतात, मान टाकतात. पिल्लांचीही ऊब आपण दर आठवड्याला कमी करतोच की.

उन्हाळ्यात याच्या उलट. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या पिशवीत माती चाळिशी ओलांडते, बी भाजून निघतं. तेव्हा मातीची कुंडी घ्या, सावलीत किंवा घरात ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

त्या उन्हाळ्यात रोपं विकून घराचा हप्ता काही निघाला नाही. पण लाईट बिल निघालं, आणि मेंटेनन्सचा पहिला थकलेला महिना मी त्या पैशातून भरला.

आज मंडळी नाहीत. त्यांचे पत्र्याचे डबे आहेत. जाताना दाराशी ठेवलेल्या ट्रेमधून प्रत्येक घराने मिरचीचं एक रोप घेऊन जावं. पंचवीस वर्षांत तुम्ही मला जी ऊब दिलीत, तिची ही छोटीशी परतफेड.