कॉलरीतला पुरुष



१९०५ पासून अमेरिकेतील ॲरो कंपनीच्या सुट्या कॉलरींसाठी चित्रकार लायेंडेकर याने एक पुरुष रंगविला. रुंद खांदे, रेखीव हनुवटी, थंड नजर. तो घामाने भिजत नाही, कष्ट करताना तर दिसतच नाही. असंख्य तरुणांनी त्यालाच पौरुषाचा आदर्श मानले. प्रत्यक्षात विकली जात होती खळ दिलेल्या कापडाची एक पट्टी! त्या कॉलरी ट्रॉय शहरात बनत. तेथील धुलाई कामगार स्त्रियांनी केट मुलेनीच्या पुढाकाराने १८६४ मध्येच संघटना उभारली होती. कॉलरीमागच्या या कष्टांना चित्रात स्थान नव्हते.

नागपूरला हे नवे नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये येथल्या कामगारांच्या पिढ्या खपल्या. २००२ मध्ये ती बंद पडली. सुटाबुटातल्या ‘परिपूर्ण पुरुषा’च्या जाहिराती मात्र थांबल्या नाहीत.

मग चांगले कापड त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात, दीक्षाभूमीवर, लाखो स्त्रीपुरुष शुभ्र वस्त्रे परिधान करून जमले. जातिव्यवस्थेने ज्यांना नीटनेटक्या पोशाखाचाही हक्क नाकारला, त्यांचा तो स्वाभिमान होता. डॉ. आंबेडकरांच्या सुटाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. जाहिरातीतला पोशाख पुरुषाला इतरांहून वरचढ दिसण्याची हाव लावतो. दीक्षाभूमीवरच्या पोशाखाने बरोबरीचा हक्क सांगितला. तरुणांनी सूट जरूर शिवावा. पण तो विणणाऱ्याच्या, शिवणाऱ्याच्या हाती किती मजुरी पडली, हेही विचारावे.