अंडकोषातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नव्हे

वर्धा जिल्ह्यात हत्तीरोगाचे ठाणे जुने असल्यामुळे अंडकोषाची सूज येथे कोणाला नवलाची वाटत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने या रोगावर दीर्घकाळ संशोधन केले असतानाही, 'पाणी भरले आहे' एवढ्यावर कितीएक पुरुष वर्षे काढतात. मात्र तोच पुरुष वृषणात हरभऱ्याएवढी कठीण, न दुखणारी गाठ लागताच कर्करोगाच्या धास्तीने खचतो आणि संकोचापायी घरातही बोलत नाही.

अंधारात विजेरी लावली असता सुजेतून तांबूस प्रकाश पार गेला, तर तेथे बहुधा पाणी असते. तथापि पाण्याआडही गाठ दडू शकते, म्हणून सोनोग्राफीवाचून खातरजमा होत नाही.

वृषणातील भरीव गाठ, विशेषतः 15 ते 40 या वयात, कर्करोगाचीच मानून तपासावी हा वैद्यकाचा दंडक रास्त आहे, कारण बहुतेक गाठी तशाच निघतात. पण एपिडर्मॉइड सिस्ट ही गाठ, जिच्या पोटात त्वचेतील केराटिनचे थर साचून सोनोग्राफीत कापलेल्या कांद्यासारखी वलये दिसतात, सर्वस्वी निरुपद्रवी असते. अ‍ॅडिनोमॅटॉइड गाठ बहुधा वृषणालगतच्या नलिकापुंजात होते, तीही सौम्यच. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात दोन्ही वृषणांत उठणाऱ्या गाठी तर पुष्कळदा केवळ औषधाने आक्रसतात. आणि आपल्या देशात क्षयाचा संशय कधीही दृष्टीआड करू नये.

रक्तातील अल्फाफीटोप्रोटीन व बीटा एचसीजी या कर्करोगसूचक घटकांची मोजणी आवश्यक आहे. परंतु ती प्रमाणात आली म्हणून कर्करोग नाही असा निर्वाळा देता येत नाही. गाठीत बाहेरून सुई मात्र कोणालाही घालू देऊ नये, कारण ती खरोखर कर्करोगाची असल्यास पेशी अंडकोषाच्या कातडीत सांडून रोगाला नवी वाट मिळते. शस्त्रक्रिया जांघेतूनच व्हावी. लक्षणांवरून गाठ सौम्य वाटत असेल, तर वृषण बाहेर घेऊन तेवढी गाठच काढतात, तिचा तुकडा तत्काळ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि निष्कर्ष अनुकूल आल्यास वृषण पुन्हा स्वस्थानी ठेवतात. ही तजवीज प्रत्येक इस्पितळात नसते; म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ती येथे होईल काय, न झाल्यास कोठे होईल, हे शल्यवैद्यांना निःसंकोच विचारावे.