खुकरीवरचा यंत्रज्ञ



भोरच्या व्यासपीठावरून समुद्राविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या भोर-वेल्ह्याला समुद्र नाही; वरंधा घाट उतरून महाडास गेले तरी तो पुढेच राहतो. पण इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस गेली, गिरणीत राबली, गोदीत ओझी वाहिली. बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजाशी आपला काय संबंध, असे आम्हांस म्हणून कधी वाटले नाही.

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात अनेक देशांचे तरुण नौदल अधिकारी गेले, आणि त्यांची स्मरणे त्या त्या देशांत होतात. भारताने त्या युद्धात लढाऊ जहाजे धाडली नाहीत. डॉक्टर धाडले, आणि युद्धविरामानंतर कैद्यांच्या राखणीस आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात फौज घेऊन गेले. आपल्या नौदलावर तो प्रसंग आला १९७१ साली. त्या वर्षी बुडालेली 'खुकरी' हे स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेले एकमेव लढाऊ जहाज. आम्ही तेव्हा आईच्या पोटातही नव्हतो. जे सांगतो ते वाचनालयात बसून मिळवलेले आहे.

खुकरीचे नाव निघाले की कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव निघते, आणि ते निघालेच पाहिजे. जहाज बुडत असता त्यांनी माणसे बाहेर काढली, आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीरचक्र त्यांना मिळाले. पण आज आम्हांस दुसऱ्या एका अधिकाऱ्याविषयी बोलायचे आहे. लेफ्टनंट व्ही. के. जैन. हे नौदलाच्या विद्युत शाखेतले तरुण अधिकारी मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करीत. पाणबुडी हुडकणाऱ्या सोनार यंत्रात त्यांनी एक सुधारणा केली होती.

सोनार म्हणजे काय, तर पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो ते ऐकायचे. भाटघरच्या पाण्यात ज्यांनी उन्हाळ्यात बुडी मारली असेल, त्यांना ठाऊक आहे की वरचे पाणी कोमट असते आणि पुरुषभर खाली गेले की अंगावर शहारा येतो. समुद्रातही तसेच आहे. आवाज गरम पाण्यात वेगाने धावतो आणि थंडाकडे वळतो. त्यामुळे वरून सोडलेला आवाज सरळ न जाता खाली वाकतो, आणि पाणबुडीला दडायला आयती जागा मिळते. आमच्या उष्ण समुद्रात ही अडचण मोठी. त्यातून खुकरी १९५८ साली नौदलात आलेली, विलायती बांधणीची. तिचे कान जुने. समोर पाकिस्तानची 'हंगोर', फ्रान्समध्ये बांधलेली, जेमतेम दोन वर्षांची. तिला खुकरीची चाहूल लांबून लागत असे, खुकरीला तिची लागत नसे. हे अंतर कमी करावे म्हणून जैन यांचा खटाटोप होता. आणि आपले यंत्र दुसऱ्याच्या हवाली करून ते किनाऱ्यावर थांबले नाहीत, बोटीबरोबर गेले.

दीवच्या समुद्रात पाणबुडी आहे, हे कळले होते. ती शोधण्यास खुकरी आणि 'किरपाण' ही जोडी धाडली गेली. त्यांच्याच तुकडीतल्या 'कुठार'च्या बॉयलरखोलीत थोड्याच दिवसांपूर्वी स्फोट झाला होता, म्हणून ती नव्हती. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास पाणतीर लागला. काही मिनिटांत जहाज गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, एकूण १९४ माणसे. त्या १८ अधिकाऱ्यांत जैन होते.

आता मुद्द्याचे. सुधारलेले सोनार नीट ऐकू यावे म्हणून जहाजाची गती कमी ठेवावी लागे. हळू चालणारे जहाज पाणबुडीला सोपे सावज. यावरून पुढे बोलले गेले की, त्या प्रयोगाने जहाज घालवले. हे वाक्य आम्ही वाचले तेव्हा ते ओळखीचे वाटले. आमच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका पोराची तीन बोटे गेली. यंत्राचे गार्ड महिनाभर काढून ठेवलेले, दुरुस्तीची मागणी लेखी दिलेली, उत्पादनाचा आकडा मात्र वाढवलेला. चौकशीच्या कागदावर काय आले? "कामगाराचा निष्काळजीपणा." तो पोरगा निदान बोलायला जिवंत होता! मेलेल्याच्या वतीने कोण बोलणार?

म्हणून आम्ही विचारतो. जुने सोनार घेऊन नव्या पाणबुडीमागे दोनच जहाजे कोणी धाडली? जे यंत्र शांतपणे, सवडीने पारखायचे, ते ऐन लढाईत पारखण्याची वेळ का आली? लढाईत सवड नसते, हे आम्हांस कळते. वरिष्ठांपुढेही अवघड निवड होती, हेही मान्य. पण मग तिचा जाब निवडीच्या जागी असावा, हत्यार घेऊन खाली उभ्या असलेल्या माणसाच्या माथी नसावा. जैन यांनी गती ठरवली नव्हती, मोहीम आखली नव्हती. जे साधन होते त्यातून अधिक ऐकू यावे, एवढेच त्यांनी पाहिले. आमच्या भाषेत अशा माणसाला कसबी म्हणतात.

आणि त्या १७६ जणांत बॉयलरपाशी उभे असलेलेही होते. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्याला वरच्या डेकपर्यंतची शिडी किती लांब असते, हे गोदीत काम केलेल्यास विचारावे.

पुढे माझगाव गोदीच्या कामगारांनी नवी 'खुकरी' बांधली. १९८९ साली ती नौदलात दाखल झाली. बत्तीस वर्षे चाकरी करून २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि नंतर दीवला नेण्यात आली. दीवच्या किनाऱ्यावर जुन्या खुकरीचे स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. आपल्याकडची मंडळी सोमनाथास जातात तेव्हा दीवही करतात. तिथे गेलात तर मुल्लासाहेबांना हात जोडाच, आणि बरोबरच्या मुलांना लेफ्टनंट जैन यांचे नाव सांगा. ते काय काम करीत होते, तेही सांगा.