अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्ग आणि ‘ड’ जीवनसत्त्व



‘ड’ जीवनसत्त्व म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती हाडे. परंतु जंतुसंसर्गाशी असलेला त्याचा संबंधही जुनाच. युरोपात एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल देत असत. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक लाभले. तोवर ‘जीवनसत्त्व’ ही संज्ञाही रूढ झालेली नव्हती.

त्यामागील कार्यकारणभाव पुष्कळ उशिरा, २००६ साली अमेरिकेतील संशोधनातून उलगडला. रक्तातील भक्षक पेशीला क्षयजंतूची चाहूल लागताच ती ‘ड’ जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देते आणि त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडीन नावाचे प्रथिन निर्माण करते. हे प्रथिन जंतूचे आवरणच भेदते. जीवनसत्त्वाचा साठा अपुरा असेल तर हे शस्त्र बोथट राहते.

आता अतिदक्षता विभागाकडे वळू. कृत्रिम श्वासाची नळी, मोठ्या शिरेतील सुई, मूत्रनलिका ही रुग्णाला तारणारी साधने, आणि जंतूंना आत शिरण्याच्या वाटाही त्याच! अशा रुग्णांत ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांना संसर्ग आणि मृत्यू अधिक, असे अनेक देशांतील निरीक्षणांत आढळले. मग ते भरून काढले की रुग्ण वाचेल, असे कोणालाही वाटावे. येथेच सावध राहावयास हवे. गंभीर आजारात या जीवनसत्त्वाचे वहन करणारे प्रथिनच घटते, सलाइनमुळे रक्त पातळ होते, आणि दीर्घकाळ आजारी असलेल्याने ऊन पाहिलेलेच नसते. कमतरता हे आजाराचे कारण नसून त्याची सावलीही असू शकते.

याचा निवाडा प्रत्यक्ष चाचण्यांनीच व्हावयाचा होता. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे अतिदक्षता विभागातील रुग्णांना प्रारंभी एकदम ५ लाख ४० हजार युनिट्स देण्यात आले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : रुग्णालयातील मुक्काम घटला नाही. मात्र ज्यांची पातळी १२ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी होती, त्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ४६.१ टक्क्यांऐवजी २८.६ टक्के राहिले. आशा पल्लवित झाली. परंतु २०१९ साली अमेरिकेतील हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, तेवढीच मात्रा देऊनही, ९० दिवसांतील मृत्यू २३.५ टक्के, आणि औषध न दिलेल्यांत २०.६ टक्के! हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, पण लाभ मुळीच दिसला नाही. कोविडच्या रुग्णांना २ लाख युनिट्स देऊन ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्षही २०२१ साली तसाच निघाला. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखेच हे.

मग आधीपासून घेतल्यास? २५ चाचण्यांच्या २०१७ मधील एकत्रित अभ्यासात, रोज वा दर आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्या, विशेषतः तीव्र कमतरता असलेल्या व्यक्तींत श्वसनसंसर्ग कमी आढळला होता. २०२५ मधील अधिक मोठ्या अभ्यासात मात्र हा लाभ इतका अल्प दिसला की तो निश्चित म्हणता येईना. तेव्हा कमतरता भरून काढणे हाडांसाठी, स्नायूंसाठी आवश्यकच. त्यास संसर्गावरील कवच मानणे घाईचे.

मासे, अंडी वर्ज्य, अळंबीही त्याज्य, आणि दुधात हे जीवनसत्त्व मुळात अल्प. अशा आहारात ऊन हाच मुख्य आधार उरतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा येथे उपयोग नाही, कारण आवश्यक ते किरण काच अडवते. कोवळ्या उन्हातही ते फारसे नसतात. घरातच बसून असलेल्या वृद्धांचे म्हणूनच कठीण होते. गोळ्यांतील ‘ड ३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, तर कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. दगडफुलासारख्या शैवाकापासून बनविलेले ‘ड ३’ही मिळते, ज्यांना विचार करावयाचा आहे त्यांनी औषधविक्रेत्याकडे तशी पृच्छा करावी.

आणखी एक गोष्ट. ६० हजार युनिट्सची साप्ताहिक पुडी ठरावीक आठवड्यांसाठी असते; ती महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. रुग्णास अतिदक्षता विभागात दाखल करताना अशा पुड्या चालू होत्या काय, आणि किती आठवडे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना न विचारताही सांगावे.