हाताला पुन्हा वळण



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या सभांतून बोलणारी माणसे. तरीही आज मेंदूवर बोलायला उभे आहोत, याला कारण आमच्या हातून झालेली एक चूक.

आमच्या युनियनमधल्या एका यंत्रमाग कामगाराला पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले. तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा आम्ही वर्गणी काढून दिली आणि बजावले, "आता आराम कर, हाताला त्रास देऊ नकोस." बायको घास भरवी, मुलगा सदऱ्याची बटणे लावी. सहा महिन्यांनी तो चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून राहिला. आम्ही त्याला दैव म्हणालो. ते सगळेच दैव नव्हते.

उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. तेथली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग माणूस सुधारतो कसा? शेजारच्या जिवंत पेशी एकमेकींशी नवे धागे जोडतात, कच्चे धागे पक्के करतात. पण जी हालचाल पुन्हा पुन्हा करावी, तिचेच धागे पक्के होतात. आपल्या विडी वळणाऱ्या भगिनींना विचारा. पहिल्या दिवशी पान फाटते, तंबाखू सांडते. पुढे शेजारणीशी बोलता बोलता विडी वळली जाते. हाताला वळण लागले असे आपण म्हणतो. खरे वळण मेंदूला लागलेले असते.

याची दुसरी बाजूही आहे. १९९६ साली अमेरिकेत माकडांवरील प्रयोगात दिसले की, मेंदूला इजा झाल्यावर हाताला सराव दिला नाही, तर मेंदूतली त्या हाताची उरलेली जागाही आटते. एडवर्ड टॉब यांनी यावर उपाय काढला : चांगला हात मोज्यात अडकवायचा आणि लुळ्या हाताकडून तासन् तास काम करून घ्यायचे. २००६ साली २२२ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षानंतरही टिकला होता. मात्र बोटांत थोडीतरी हालचाल उरलेली हवी, आणि हे सारे जाणकाराच्या देखरेखीखालीच.

म्हणजे बरे होणे हेही श्रमाचेच काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. गरिबाने तो वेळ आणावा कोठून? कामगार विमा योजनेत पक्षाघातासारख्या दीर्घ आजारासाठी वाढीव आजारभत्ता आहे. पण आमच्या माणसाचे नाव हजेरीपटावरच नव्हते! मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. सोलापूरच्या कामगाराने रोज तेथे जावे कसे? तेव्हा हजेरीपटावर नाव आणि गावातच व्यायामोपचार, या मागण्या पगारवाढीइतक्याच मोलाच्या आहेत, हे आम्ही उशिरा शिकलो.

पुढे आम्ही त्याला एका व्यायामोपचार करणाऱ्या ताईंकडे नेले. पहिले महिने वाया गेले होते, तरी हात थोडा वळला. आज तो सदऱ्याची बटणे स्वतः लावतो. तुटलेल्या सुताची गाठ मात्र अजून त्याला मारता येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. असा माणूस तुमच्या घरी असेल, तर उपचार करणाऱ्यांना विचारून पाण्याचा पेला त्याच्या दुबळ्या हाताजवळ ठेवा. पाणी सांडेल. सांडू द्या.